मालगाडीवर माणसं किती हवीत? अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा एकट्या चालकाला विरोध

ओमाहाकर

मंडळी, अमेरिकेत मालगाडी दोन माणसं चालवतात. एक इंजिनिअर, म्हणजे आपला लोको पायलट, आणि दुसरा कंडक्टर. दोघंही इंजिनातच बसतात. मागचा गार्डचा डबा इथे १९८० च्या दशकातच गेला आणि त्या जागी शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, ब्रेकच्या हवेचा दाब कळवणारं एक यंत्र लागलं. आता बड्या रेल्वे कंपन्यांना बरीच वर्षं कंडक्टरलाही इंजिनातून खाली उतरवायचं आहे. स्मार्ट-टीडी आणि बीएलईटी या रेल्वे कामगारांच्या दोन मोठ्या संघटनांचा त्याला कडवा विरोध आहे. एप्रिल २०२४ मध्ये फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे रेल्वे सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय सरकारी खात्याने, दोन माणसांचा नियम केला. त्याच्या मसुद्यावर लोकांच्या १३,००० हून अधिक प्रतिक्रिया आल्या होत्या. नियम होताच कंपन्या कोर्टात गेल्या.

मी ओमाहात राहतो. युनियन पॅसिफिक या बड्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय इथेच आहे आणि याच राज्यात पश्चिमेला नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड हे जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड आहे. त्यामुळे शेजारी, मुलांच्या शाळेतले पालक, जिममधले ओळखीचे यांत रेल्वेवाले भरपूर. त्यांच्याशी बोलून माझं मत पक्कं झालंय की कामगारांचं बरोबर आहे.

वाद नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: गाडी चालू असताना दुसरा माणूस करतो काय? उत्तर सोपं आहे, फार काही नाही. सिग्नल मोठ्याने म्हणतो, कंट्रोल रूमचे आदेश लिहून घेतो, कागद सांभाळतो. पण गाडी मध्येच थांबली की काय होतं हे विचारा. दोन-तीन किलोमीटरची गाडी, कुठेतरी हवेचा पाइप सुटला, आपोआप आणीबाणीचा ब्रेक लागला. कुणीतरी बॅटरी घेऊन खडीवरून एकेक वाघीण बघत जायला हवं. नेब्रास्कातल्या जानेवारीत ही चाल एक-दोन तासांची होते. एकट्या चालकाने इंजिन सोडून जायचं का? कंपन्या म्हणतात की कंडक्टर ट्रक घेऊन रस्त्याने येईल. वायोमिंगच्या बाजूला रुळांच्या जवळून रस्ता जातोच असं नाही, आणि असला तरी बर्फात तो चालू असेलच असं नाही.

तुमचं मत काय? भारतात, युरोपात काय पद्धत आहे? आणि हा विरोध सुरक्षेसाठी आहे की फक्त नोकऱ्या वाचवण्यासाठी?

---

चकोर

माझा आजवर समज होता की मालगाडी एकच माणूस चालवतो! वाचतोय.

---

गणिती_माणूस

विरोधी बाजू मांडतो. मी मालवाहतुकीच्या क्षेत्रात आहे, रेल्वेत नाही.

१. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल आणि मालगाडीची समोरासमोर टक्कर झाली, २५ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल म्हणजे पीटीसी सक्तीचं केलं. २०२० अखेर ते सगळ्या ठरलेल्या मार्गांवर लागलं. चालकाने सिग्नल चुकवला तर गाडी स्वतः थांबते. मग सिग्नल मोठ्याने म्हणायला दुसरा माणूस कशाला?

२. स्पर्धा ट्रकशी आहे. ट्रकवर एकच माणूस असतो आणि उद्या कदाचित तोही नसेल. रेल्वे महाग झाली की माल रस्त्यावर जाणार, आणि रस्त्यावर रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. त्या मृत्यूंचा हिशोब या नियमात कोण धरतो?

३. पूर्वी वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. डिझेल आल्यावरही तो वर्षानुवर्षं बसून राहिला. तेव्हाही संघटना सुरक्षेचंच नाव घेत होत्या. फायरमन गेला, आकाश कोसळलं नाही.

---

जुनं_ते_पाहा

गणिती, फायरमनचा मुद्दा बरोबर आहे, पण गोष्ट थोडी मोठी आहे. इतिहास माझा आवडता विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मालगाडीवर ब्रेकमन असायचे. ते धावत्या गाडीच्या छतावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचे आणि हाताने चाक फिरवून ब्रेक लावायचे. पावसात, बर्फात, रात्री. किती पडले, किती दोन डबे जोडताना मध्ये चिरडले याला सुमार नाही. एअर ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, तेव्हा उपलब्ध होते, पण खर्च नको म्हणून बऱ्याच कंपन्यांनी ते लावले नव्हते. १८९३ च्या सेफ्टी अप्लायन्स कायद्याने ते सक्तीचे झाले. पुढे राज्यांनी किमान माणसांचे कायदे केले, आर्कान्सॉचा १९०७ मध्ये आला. म्हणजे माणसं किती हवीत हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मालगाडीवर सर्वसाधारणपणे पाच जण होते: इंजिनिअर, फायरमन, कंडक्टर, दोन ब्रेकमन. १९५९ पासून कंपन्यांनी डिझेल इंजिनावरचा फायरमन काढायची जोरदार मोहीम चालवली. देशव्यापी संपाची वेळ आली तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये काँग्रेसने शांततेच्या काळात प्रथमच सक्तीचा लवाद बसवला. त्या लवादाने मालगाड्या आणि यार्डातल्या फायरमनच्या सुमारे ९० टक्के जागा हळूहळू संपवायला परवानगी दिली.

इथवर तुमचं म्हणणं मान्य. कोळसा टाकायचा नसेल तर कोळसा टाकणारा लागत नाही. पण नंतर ब्रेकमन गेले, गार्डचा डबा गेला, आणि त्यांची उरलेली कामं गेली कुठे? सगळी एका कंडक्टरच्या अंगावर आली. कोळसा टाकणं हे काम इंजिनाबरोबर संपलं होतं. सुटलेला पाइप जोडणं संपलेलं नाही. फायरमन आणि आजचा कंडक्टर यांत मला हाच फरक दिसतो.

---

रानवारा

सुंदर प्रतिसाद. छतावरून उड्या मारणारे ब्रेकमन हे माहीतच नव्हतं. यावर वेगळा लेख लिहा ना.

---

मॉन्ट्रियलची_मावशी

इथे क्वेबेकमध्ये हा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, लाक-मेगांतिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

जुलै २०१३. नॉर्थ डकोटातून आलेलं कच्चं तेल भरलेल्या ७२ टँकरांची गाडी. ती चालवणाऱ्या कंपनीला कॅनडाच्या वाहतूक खात्याने २०१२ मध्ये एकट्या चालकाची मुभा दिली होती. चालकाने रात्री नान्त या गावापाशी उतारावर गाडी उभी केली, सात हँडब्रेक लावले, एक इंजिन चालू ठेवलं आणि टॅक्सीने हॉटेलवर झोपायला गेला. ती रोजचीच पद्धत होती. थोड्या वेळाने त्या इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने आग विझवली आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकमध्ये हवा भरणारं यंत्र बंद. इंजिनांच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळत गेली, ते सुटले आणि सात हँडब्रेकना ते वजन पेललं नाही. रात्री एकच्या सुमाराला गाडी आपोआप उताराला लागली, ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने गावात शिरली आणि वळणावर ६३ टँकर रुळांवरून उतरले. ४७ माणसं गेली. गावाचा मध्यभाग जळून गेला.

चौकशी मंडळाने नंतर हिशोब मांडला. तिथे किमान १७ आणि कदाचित २६ हँडब्रेक लागले असते. आता विचार करा. दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस, मध्यरात्र जवळ आलेली, आणि तो एकटा. एकेका टँकरवर चढून चाक फिरवायचं, उतरायचं, पुढच्यावर चढायचं, मग परत येऊन ब्रेक धरतात का ते तपासायचं. तपासायला खरं तर एक माणूस इंजिनात लागतो आणि एक खाली.

तो चालक आणि आणखी दोघांवर खटला चालला. जानेवारी २०१८ मध्ये तिघंही निर्दोष सुटले. माझ्या ओळखीच्या इथल्या बहुतेक लोकांना तो निकाल योग्यच वाटला. ज्यांनी ही पद्धत मंजूर केली ते पिंजऱ्यात नव्हते, ही त्यांची तक्रार आहे आणि माझीही.

---

गणिती_माणूस

मावशी, दुर्घटना भयंकरच होती. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॅनडाच्या त्याच चौकशी मंडळाने १८ कारणं नोंदवली आणि तरीही एकटा चालक हे अपघाताचं कारण होतं असा निष्कर्ष आपण काढू शकत नाही असं म्हटलं. दुसरा माणूस असता तर त्यानेही सातच ब्रेक लावले असते कदाचित. कंपनीची शिस्तच ढिली होती.

---

मॉन्ट्रियलची_मावशी

गणिती, मंडळाने तसं म्हटलं हे खरं. पण 'सिद्ध झालं नाही' आणि 'संबंध नाही' हे सारखं नव्हे. आणि सरकारने काय केलं तेही बघा. अपघाताच्याच महिन्यात तातडीचा आदेश काढून धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांवर किमान दोन माणसं सक्तीची केली. चौकशी पूर्ण व्हायची वाटही पाहिली नाही.

---

बॅव्हेरियातला_बंड्या

जर्मनीतून. इथे मालगाडी एकच चालक चालवतो आणि ते कित्येक दशकं सुरळीत चालू आहे. पायाशी 'सिफा' नावाचं पेडल असतं, ठरावीक सेकंदांत दाबून सोडलं नाही तर आधी इशारा आणि मग ब्रेक. सिग्नल प्रणाली गाडी थांबवते. म्हणजे एक माणूस पुरतो हे युरोपने दाखवलंय.

पण कृपया आमचं उदाहरण अमेरिकेला लावताना गाडीची लांबी बघा. इथे कमाल ७४० मीटर ही सर्वसाधारण मर्यादा. चालक उतरून गाडीच्या टोकापर्यंत दहा-बारा मिनिटांत पोहोचतो. स्टेशनं जवळजवळ, प्रत्येक ठिकाणी रस्ता, आणि गाडी निघण्याआधी यार्डात तपासणारा वेगळा माणूस. अमेरिकन कंपन्या युरोपचा एक चालक मागतात, युरोपची लांबी का मागत नाहीत?

---

ओमाहाकर

बंड्या, हा मुद्दा फार मोलाचा आहे. २०१९ च्या एका सरकारी अहवालात दोन मोठ्या कंपन्यांची आकडेवारी आली होती. २००८ पासून गाडीची सरासरी लांबी सुमारे २५ टक्क्यांनी वाढून १.२ ते १.४ मैल झाली, आणि काही गाड्या तीन मैलांच्या आसपास. तीन मैल म्हणजे जवळपास पाच किलोमीटर.

याच काळात माणसं कमी झाली. बड्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत सुमारे ४५,००० जागा घटवल्या, जवळपास २९ टक्के. हा आकडा सरकारच्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच दिला होता. म्हणजे गाडी लांबवली, देखभालीची माणसं घटवली, आणि आता इंजिनातलाही माणूस कमी करायचा. हे तिन्ही एकत्र धरून बघायला हवं.

---

निवृत्त_गार्ड

नमस्कार. मी मालगाडीचा गार्ड म्हणून खानदेशात नोकरी केली. हल्ली आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नातवाने हा धागा दाखवला. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

आपल्याकडे मालगाडीवर तिघं: लोको पायलट, असिस्टंट आणि शेवटी ब्रेक व्हॅनमध्ये गार्ड. ब्रेक व्हॅनमध्ये कित्येक वर्षं ना दिवा होता ना संडास. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, थंडीत दार लागायचं नाही. ते असो.

ओमाहाकरांनी विचारलंय की गाडी थांबली की काय. एका रात्री आमच्या गाडीखाली गुरं आली. ५८ वाघिणींची कोळशाची गाडी. मध्ये कुठेतरी होज पाइप सुटला, हवा गेली, गाडी जागेवर उभी. डबल लाइन. अशा वेळी पहिली चिंता आपल्या गाडीची नसते, बाजूच्या लाइनची असते. एखादी वाघीण कलली असेल, जनावर त्या रुळावर पडलं असेल आणि समोरून एक्स्प्रेस येत असेल तर? म्हणून नियम असा की बाजूची लाइन अडलीय असं वाटलं तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाका सिग्नल लावायचे. एक माणूस पुढच्या बाजूला पळतो, दुसरा मागच्या. चालक इंजिनात थांबून फ्लॅशर दिवा लावतो आणि वॉकीटॉकीवर बोलतो. ही तीन कामं एकाच वेळी व्हायला लागतात. त्या रात्री असिस्टंट पुढून वाघिणी बघत आला, मी मागून गेलो, साधारण मध्यावर आमची भेट झाली. पाइप जोडला, चालकाने हवा भरली, निघालो. बाजूची लाइन मोकळी होती हे आधीच बघितलं होतं म्हणून कुणाची गाडी उशीर झाली एवढंच.

अमेरिकेच्या त्या गाडीवर दोघंच आणि लांबी आमच्या तिप्पट-चौपट. त्यातला एक काढायचा म्हणता, मग पळणार कोण?

---

चकोर

काका, अंगावर काटा आला. फटाका सिग्नल म्हणजे खरंच फटाका?

---

निवृत्त_गार्ड

रुळावर बांधायची चपटी डबी असते. इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाम आवाज होतो, चालक लगेच ब्रेक लावतो. धुक्यातही वापरतात.

---

घाटमाथ्यावरून

कसारा घाटाजवळ राहतो. इथे १ ला ३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, चढ आहे, म्हणून मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. इगतपुरीहून उतरताना गाडीचे ब्रेक धरतात का याची तपासणी हा काय प्रकार असतो ते लहानपणापासून बघतोय. कॅच सायडिंग म्हणजे सुटलेली गाडी चढावर वळवायची लाइन, तीही आहे. उताराला गाडी कशी सुटते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जम्मूतल्या कठुआहून मालगाडी चालकाविना सुटली ते आठवतंय का? सत्तरहून जास्त किलोमीटर धावली, पंजाबात मुकेरियांजवळ उंची बस्सीला कशीबशी थांबवली. नशीब, वाटेतली फाटकं वेळेत बंद केली.

---

गणिती_माणूस

पण कठुआच्या गाडीवर चालक आणि असिस्टंट असे दोघं होते ना? दोघंही उतरले आणि गाडी सुटली. म्हणजे माणसांची संख्या वाढवून निष्काळजीपणा जात नाही.

---

घाटमाथ्यावरून

बरोबर, ब्रेक नीट न लावता दोघं उतरले तर दोघं असून उपयोग नाही. मी उतार किती धोक्याचा एवढंच सांगत होतो.

---

पर्थवाला_पप्या

गाडी सुटण्याचा विषय निघालाच आहे तर पश्चिम ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका, ती या धाग्याला अगदी चपखल आहे. इथे पिलबारात लोहखनिजाच्या गाड्या एकटा चालक नेतो. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी बीएचपी या खाण कंपनीची २६८ वाघिणींची भरलेली गाडी मध्येच थांबली. चालक तपासायला खाली उतरला. तो खाली असताना गाडीचे ब्रेक सुटले आणि गाडी त्याच्याशिवाय निघून गेली. सुमारे ९२ किलोमीटर धावली. शेवटी पोर्ट हेडलंडच्या अलीकडे कंट्रोलने ती मुद्दाम रुळांवरून उतरवली. कुणाला इजा झाली नाही, कारण तिथे वस्तीच नाही.

आता याच भागात रिओ टिंटो या दुसऱ्या खाण कंपनीच्या गाड्या २०१८ पासून चालकाशिवाय धावतात आणि व्यवस्थित धावतात. म्हणजे तंत्रज्ञान जमतं. पण ती कंपनीची स्वतःची, बंदिस्त लाइन आहे. मध्ये ना गाव, ना दुसऱ्या कुणाच्या गाड्या.

---

सखी_शेजारीण

आमच्या काकांच्या गाडीत दोन माणसांचा नियम केव्हापासून आहे! काका चालवतात, काकू सिग्नल म्हणतात. "लाल झाला, लाल झाला." आजवर एकही पावती फाटलेली नाही. :-)

---

निवृत्त_गार्ड

ताई, हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे हाच नियम आहे. असिस्टंट सिग्नल मोठ्याने म्हणतो, चालक हात दाखवून तोच परत म्हणतो. पहाटे तीन-चारच्या सुमाराला दुसऱ्याचा आवाज कानावर पडला की माणूस जागा राहतो.

---

ओहायोची_अनघा

पहाटेच्या झोपेवरून लिहिते. इथे या कामगारांचं आयुष्य फार अवघड आहे. ठरलेली पाळी नसते. फोन आला की दीड-दोन तासांत हजर. बारा तासांनंतर कायद्याने गाडी चालवता येत नाही, मग जिथे असतील तिथे गाडी उभी करून बदली माणसांची वाट बघायची. २०२२ मध्ये संप होणार होता तो मुख्यतः या हजेरीच्या जाचामुळे आणि आजारपणाच्या रजेमुळे. पाच वर्षांत २४ टक्के पगारवाढीचा करार समोर असूनही १२ पैकी ४ संघटनांच्या सदस्यांनी तो फेटाळला. शेवटी काँग्रेसने कायदा करून करार लादला, अध्यक्षांनी २ डिसेंबरला सही केली. सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ असा बहुमतात असूनही ६० मतं नाहीत म्हणून पडला. अशा थकलेल्या माणसाला एकटं बसवायचं?

दुसरं, ओहायोतलं ईस्ट पॅलेस्टाइन गाव माझ्यापासून फार लांब नाही. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले, त्यात विषारी रसायनांचे टँकर होते. त्या इंजिनात तिघं होते: इंजिनिअर, कंडक्टर आणि शिकाऊ कंडक्टर. आग दिसल्यावर त्यांनी पुढच्या दोन डब्यांचे हँडब्रेक लावले, इंजिनं सोडवली आणि सुमारे एक मैल पुढे नेली. हे काम खाली उतरूनच करावं लागतं, धुरात आणि अंधारात. कंडक्टर ट्रकमधून येईपर्यंत थांबले असते का?

---

गणिती_माणूस

अनघाताई, पण तिघं असूनही अपघात झालाच. दोष बेअरिंग तापण्याचा होता. माणूस इंजिनात बसून चाकाचं तापमान ओळखू शकत नाही. तोच पैसा तापमान मोजणाऱ्या यंत्रांवर घाला, जास्त जीव वाचतील.

---

ओहायोची_अनघा

तापमान मोजणारी यंत्रं हवीतच, दुमत नाही. पण कंपन्या पगारातून वाचलेला पैसा त्या यंत्रांत घालायचं वचन कुठे देतायत? अपघातानंतर दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून रेल्वे सुरक्षेचं विधेयक आणलं होतं, त्यात यंत्रंही होती आणि दोन माणसंही. ते मंजूर झालं नाही.

---

चकोर

मग फाटकावरचे अपघात? तिथे दुसऱ्या माणसाचा काय उपयोग?

---

ओमाहाकर

चकोर, चांगला प्रश्न. अमेरिकेत फाटकांवर वर्षाला दोन हजारांच्या आसपास धडका होतात. गाडी लगेच थांबू शकत नाही, चालकाला सगळं समोर दिसत असतं आणि करता काहीच येत नाही. थांबल्यावर कंडक्टर उतरून मागे जातो. जखमींना बघतो, पोलिसांना जागा सांगतो. माझे एक शेजारी कंडक्टर आहेत, ते अशा प्रसंगातून गेलेत. त्याविषयी फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात की इंजिनिअर त्या वेळी बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

फाटकाचं आणखी एक आहे. लांब गाडी अडकली की गावाचे दोन तुकडे होतात. इंडियानातल्या हॅमंडमध्ये शाळेची मुलं उभ्या गाडीच्या डब्यांमधून चढून पलीकडे जात असल्याची छायाचित्रं २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिली. ॲम्ब्युलन्स पलीकडे असेल तर गाडी फाटकावर तोडावी लागते. खाली एकाने कपलर सोडवायचा, हँडब्रेक लावायचे, वरच्याने इंजिन पुढे घ्यायचं. पीटीसीने हे होत नाही. एकट्या माणसानेही होत नाही.

---

रानवारा

नोकऱ्यांच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. विरोधामागे नोकरी वाचवणं नाही असं कोणी म्हणू शकेल का?

---

जुनं_ते_पाहा

नोकरी वाचवणं आहेच, आणि त्यात गैर काय? पण एक घटना सांगतो. २०१४ मध्ये बीएनएसएफ ही बडी रेल्वे कंपनी आणि संघटनेची एक समिती यांच्यात तह ठरला. बऱ्याच मोठ्या मार्गांवर इंजिनात एकटा इंजिनिअर आणि बाहेर फिरता 'मास्टर कंडक्टर' अशी योजना होती. नेत्यांना मान्य होतं. सप्टेंबरमध्ये सदस्यांनी मतदानात ती साफ फेटाळली. फक्त स्वतःच्या पगाराचा विचार असता तर घासाघीस करून आणखी काही पदरात पाडून घेतलं असतं. लाक-मेगांतिकला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

---

गणिती_माणूस

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. लाइन कशी आहे, गाडी किती लांब आहे, माल कोणता आहे यावरून संख्या ठरावी. सरसकट दोनचा नियम मला पटत नाही. पिलबारात शून्य चालतं, जर्मनीत एक चालतो. अमेरिकेतही छोट्या लाइनवर, छोट्या गाडीला, घातक माल नसेल तर एक का नको?

गाडी तोडून ॲम्ब्युलन्सला वाट देण्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर फिरता कंडक्टर हे उत्तर द्यायचं तर तो किती मिनिटांत पोहोचेल हे कंपनीने मार्गागणिक लिहून द्यावं आणि न पोहोचल्यास दंड भरावा. तसं लिहून द्यायला तयार असतील तरच मी एका माणसाच्या बाजूने.

---

ओमाहाकर

गणिती, २०२४ चा नियम बराचसा तसाच आहे. एक माणूस हवा असेल तर कंपनीने धोक्याचा अभ्यास सादर करून विशेष मंजुरी मागायची. काही छोट्या लाइनींवर आधीपासून एकटा चालक होता, त्यांना अटींवर चालू ठेवायची वाट दिली आहे. म्हणजे दार बंद नाही. पुरावा द्यायची जबाबदारी कामगारावरून कंपनीवर आलीय, आणि नेमका त्यालाच कंपन्यांचा आक्षेप आहे.

---

सखी_शेजारीण

पण हा सरकारी नियम आहे, संसदेचा कायदा नाही ना? पुढच्या सरकारने काढून टाकला तर?

---

ओमाहाकर

काढू शकतं. एकदा तसं झालंही आहे. मार्च २०१६ मध्ये असाच मसुदा आला होता. २०१९ मध्ये पुढच्या प्रशासनाने तो मागे घेतला आणि वर राज्यांनाही असे नियम करता येणार नाहीत असं जाहीर केलं. संघटना आणि काही राज्यं कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाने, तो निर्णय रद्द ठरवला. म्हणून संघटना आता राज्याराज्यांत कायदे करून घेतायत. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये झाला, कोलोरॅडो आणि नेव्हाडात २०१९ मध्ये झाला, ओहायो आणि मिनेसोटात २०२३ मध्ये. आमच्या नेब्रास्कात अजून नाही. इथल्या आमदारांना मी पत्र लिहिलंय. या राज्यात जे कुणी मराठी आहेत त्यांनीही लिहावं, मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

निवृत्त_गार्ड

भारतातही गार्डऐवजी शेवटच्या वाघिणीला यंत्र लावायचे प्रयोग चालू आहेत आणि गाड्या तीन-चार किलोमीटरच्या होऊ लागल्यात. ओमाहाकर, तुमच्या शेजाऱ्यांना माझ्यातर्फे एक विचारा. लांब गाडीत वॉकीटॉकी शेवटच्या वाघिणीपासून इंजिनापर्यंत नीट ऐकू येतो का? आमच्याकडे कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, आणि बोगद्यात आवाज तुटायचा. त्यांच्याकडे काय उपाय आहे ते कळलं तर इथल्या मुलांना सांगता येईल.